ऐंशी डावे आणि पगारेबाई

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी एकदा ऐंशी डावे कापले.

नीट सांगते. जाकिटाला पुढून दोन भाग असतात, एक डावा आणि एक उजवा. हे कुणालाही ठाऊक असतं. मला तर त्याचं सर्टिफिकेट होतं, फ्रेम करून हॉलमध्ये लावलेलं. चाळीस जाकिटं करायची होती, म्हणजे चाळीस डावे भाग आणि चाळीस उजवे. मी ऐंशीच्या ऐंशी डावे कापले. राणी रंगाचं चकचकीत साटीन, एकही कड वाकडी नाही, काखेकडच्या मुंढ्याची गोलाई अशी की बघत राहावं. एवढ्या सफाईने केलेली चूक मी नंतर कुणाचीच पाहिली नाही. माझी स्वतःचीसुद्धा नाही.

ज्यांच्या टेबलावर हा पराक्रम झाला, त्या पगारेबाईंबद्दल मला लिहायचं आहे. मी मध्येमध्ये येणार, त्याला इलाज नाही. तेव्हा मी सगळीकडेच मध्येमध्ये यायची.

आमच्या इंदिरानगरातल्या घरापासून तीन गल्ल्या ओलांडल्या की एक जुनी वसाहत लागते. तिथल्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत सहा-सात बाया शिलाईकाम करतात, असं माझ्या कानावर आलं होतं. मुलगा नोकरीला पुण्याला, नवरा ऑफिसात, आणि मी नुकताच सहा महिन्यांचा कटिंगचा कोर्स पहिल्या नंबराने पास झालेली. एका सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून निघाले. नवऱ्याला सांगितलं, "बिचाऱ्यांना जरा मार्गदर्शन करून येते." हा शब्द मी खरोखर वापरला होता. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "रात्री जेवायच्या वेळेला ये म्हणजे झालं."

खोलीत गेले तर भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एका ओळीत पाच मशिनी, आणि दाराशी उभी एक बारकीशी बाई स्वतःच्या अंबाड्यात काहीतरी शोधते आहे. केस पांढरे, आणि त्या पांढऱ्या केसांत खोचलेला पांढरा खडू. तो काही हाताला लागत नव्हता. पुढे मी पाहिलं की हा शोध रोज दहा वेळा चाले. मी एकदा त्यांना निळा खडू आणून दिला. त्या म्हणाल्या, "निळा लगेच सापडतो. मग मला विचार करायला वेळ कधी मिळायचा?"

मी सर्टिफिकेटची झेरॉक्स पुढे केली. पगारेबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, आदराने टेबलावर ठेवली आणि तिच्यावर मेथीची जुडी ठेवली.

"बसा ताई. ही निवडा."

"अहो, मी शिवणकाम शिकलेय."

"शिकल्याच असाल. पण मेथी कुठे शिवायचीय?"

खोलीतल्या बाया माना खाली घालून हसल्या. मी मेथी निवडली. दुपारी सगळ्या मिळून तिथेच स्टोव्हवर भाजी करत, ज्वारीच्या भाकरी घरून येत. त्या दिवशी मेथी जरा जास्त खारट झाली होती, मिठाचं मार्गदर्शन मी केलं होतं.

नंतर कळलं की प्रत्येक नव्या बाईला पहिले दोन-तीन दिवस मशीनला हात लावू द्यायचा नाही, अशी त्यांची पद्धतच होती. मेथी निवडायची, बटणं वेगळी करायची, चिंध्यांच्या घड्या घालायच्या. त्या जवळ बसून स्वतःचं काम करत, आणि नजर समोरच्या हातांवर. याला त्या "हात ऐकणं" म्हणत. "तोंड काय, कुणाचंही गोड बोलतं," त्यांचं म्हणणं, "हात खोटं बोलत नाहीत. कुणाचे पहिल्या दिवशी बोलतात, कुणाचे वर्ष घेतात. आपण ऐकत राहायचं."

मंगलचे हात त्यांनी असेच ऐकले होते. मंगल म्हणजे आमच्यातली भांडखोर. मेथी निवडताना स्वतःची जुडी बाजूला ठेवून ती शेजारणीच्या ताटातली काडी उचलून दाखवायची: "हे काय? हे तुम्ही खाणार?" तीन ठिकाणांहून तिला काढून टाकलं होतं. पगारेबाईंनी तिला मशीनवर बसवलंच नाही. शेवटच्या टेबलावर उभं केलं, हातात छोटी कात्री दिली आणि सांगितलं, "तुझ्या नजरेतून सुटेल तेच गिऱ्हाइकाकडे जाईल. काढ किती चुका काढायच्यात त्या." मंगल त्या दिवसापासून पगारी सासू झाली. सुटलेला धागा, फुगलेला खांदा, अर्धा टाका कमी असलेलं काज, तिला सगळं दिसायचं. आणि गंमत म्हणजे घरी भांडायची थांबली. तिचा नवरा एकदा मुद्दाम येऊन पगारेबाईंना नारळ देऊन गेला.

रुक्सानाचं वेगळं. ती अखंड गुणगुणायची, आणि गुणगुणताना तिचा पाय जमिनीवर ताल धरायचा. मला त्या गुणगुणण्याचा वैताग. मी म्हटलं, "पगारेबाई, हिला गप्प करा, लक्ष लागत नाही." त्यांनी उलट तिला मधल्या मशीनवर आणलं आणि लांब सरळ शिवणी तिच्याकडे दिल्या. आठ दिवसांत काय झालं म्हणता? आजूबाजूच्या मशिनीही तिच्या तालावर चालायला लागल्या. दुपारी तीननंतर सगळ्यांना पेंग यायची, तेव्हा रुक्साना चाल बदलायची आणि खोली जागी व्हायची. एक दिवस मी स्वतःच गुणगुणत कापड मोजताना सापडले. कुणी काही बोललं नाही. मंगलनेही नाही, आणि तिच्या बाबतीत हे फारच झालं.

पगारेबाईंचं माहेर मनमाडचं. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. त्यामुळे खोलीतली सगळी भाषा रेल्वेची. कटिंगचं टेबल म्हणजे मनमाड, कारण "सगळ्या गाड्या तिथूनच फुटतात". पहिलं मशीन लासलगाव, दुसरं निफाड, तिसरं कसबे-सुकेणे, असं करत करत पाचवं ओढा, मग मंगलचं तपासणीचं टेबल नाशिकरोड आणि कोपऱ्यातली इस्त्री देवळाली. एखादा शर्ट रखडला की आवाज यायचा, "निफाडला काय क्रॉसिंग पडलंय का गं?" कुणी उशिरा आली की "आउटर सिग्नलला उभी होतीस का?" बाहेरचं कुणी आलं तर त्याला वाटायचं, या बाया तिकिटं काढून देतात. एका गिऱ्हाइकाने विचारलं, माझं ब्लाउज कुठवर आलंय? रुक्साना म्हणाली, "ओढ्यापर्यंत आलंय भाभी, अर्ध्या तासात उतरून घ्या."

या सगळ्यात पगारेबाईंची स्वतःची कला कोणती, असं कुणी विचारेल. त्यांची कात्री. मी कोर्समध्ये कागदाचे साचे, कोन, सूत्रं शिकले होते. त्या नुसत्या माणसाकडे बघायच्या. रस्त्याने जाणाऱ्या कुणाचंही माप सांगायच्या आणि वर, "उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे, पिशवी त्याच हातात धरतो." टेपने पाहिलं तर तंतोतंत. कापड पसरलं की एकदा त्यावरून तळवा फिरवायच्या, जसं बाळाच्या पाठीवरून फिरवतात, आणि कात्री लावली की मध्ये थांबणं नाही. मला ते पाहताना मत्सर वाटायचा. आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्या भागातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात लेझीम होतं, चाळीस मुलामुलींचं. त्यांची जाकिटं शिवायचं काम पगारेबाईंनी मिळवलं, तेव्हाची एक गोष्ट सांगायलाच हवी. मापं घ्यायला आम्ही दोघी शाळेत गेलो. मुलं ओळीत ताठ उभी. मी टेप काढला. पगारेबाई पीटीच्या सरांना म्हणाल्या, "सर, यांना खेळायला सांगा."

"आधी मापं घ्या ना बाई."

"उभ्या माणसाचं माप उभं राहायला. ही तर वाकणार, बसणार, हात वर करणार. कसं वाकतात ते बघू दे की."

सर म्हणाले, लेझमी कपाटात कुलूपबंद आहेत. पगारेबाई म्हणाल्या, मग तुम्ही करून दाखवा, मुलं बघून करतील. आणि ते चांगले साडेपाच फुटी सर, शिट्टी गळ्यात, रिकाम्या हातांनी लेझीम खेळू लागले. मुलं हसून हसून लोळली. पगारेबाई मात्र गंभीरपणे बघत होत्या, हात वर गेला की काखेत किती ताण येतो, वाकलं की पाठ किती उघडी पडते. बाहेर पडताना म्हणाल्या, "मुंढा सैल लागेल. आणि सरांची छाती बेचाळीस."

हे काम एवढं महत्त्वाचं का होतं, तेही त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं. त्यांना काचबिंदू झाला होता. एक दिवस जेवताना भाकरी मोडत मोडत त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, सकाळी नळाला पाणी आलं नाही हे सांगावं इतक्या सहज. "उन्हाळ्यापर्यंत सुईचं नेढं दिसेल. पुढचं डॉक्टर काही बोलत नाहीत." मग म्हणाल्या, "शाळेच्या बाई म्हणाल्यात, ही जाकिटं वेळेवर आणि चांगली दिली, तर पुढल्या वर्षीपासून सगळ्या शाळेचे गणवेश आपल्याकडे. दरवर्षी. ते आलं तर ही खोली माझ्यावाचून चालेल. नाही आलं तर मी घरी बसले की महिन्याभरात तुम्ही पांगाल. कुणी भांड्यांना जाईल, कुणी कंपनीच्या गेटवर. मला ते नकोय."

रुक्सानाचं गुणगुणणं पहिल्यांदाच बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांची काळ्या मुठीची कात्री माझ्यापुढे ठेवली. "सरोजताई, जाकिटं तुम्ही कापायची."

"मी? तुम्ही असताना?"

"मी असताना चुकलात तर मी आहे. मी नसताना पहिल्यांदा हात लावाल तर कोण आहे?" आणि मग, "तुम्ही पहिल्या दिवशी मेथी फारशी निवडली नाहीत, ठाऊक आहे? सगळ्यांच्या जुड्यांची देठं मात्र एका रेषेत लावत बसलात. तुमची नजर कडेवर असते. कापणारीला तेच लागतं."

माझ्या डोक्यात हवा गेली. एवढी की दोन दिवस मी जमिनीला टेकले नाही.

साटीनला एक बाजू चमकदार असते, दुसरी निस्तेज. पगारेबाई नेहमी कापड दुहेरी करून कापायच्या, चमक चमकेला लावून. म्हणजे एका कापात डावा आणि उजवा अशी जोडी आपोआप मिळते. मला ते जुनाट वाटलं. कोर्समध्ये आम्हाला थरांची पद्धत शिकवली होती, एकावर एक कापड पसरायचं, वर साचा ठेवायचा आणि एकदम कापायचं. वेळ वाचतो. ती पद्धत खरंच चांगली आहे, फक्त अर्ध्या वेळेला साचा उलटा ठेवावा लागतो. त्या दिवशी पगारेबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी सगळे थर चमक वर करून पसरले, साचा ठेवला, आणि एकदाही तो उलटा केला नाही. दुपारपर्यंत ऐंशी. मधूनमधून "बघा गं, याला म्हणतात पद्धत" असंही म्हणून झालं. इस्त्रीपाशी हिरा उभी होती. तिला म्हटलं, "हिरा, चहा टाक, दमले मी."

हिराबद्दल इथे सांगते. ती हरसूलकडची. नवरा बांधकामावर राखणदार. चार महिने झाले होते तिला येऊन, आणि चार महिन्यांत मी तिचे दहा शब्द ऐकले असतील. ती झाडायची, इस्त्री करायची, चिंध्या गोळा करून पोत्यात भरायची. मी तिला खोलीची मोलकरीण समजत होते; तसं कुणी मला सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. पगारेबाईंना एकदा म्हटलं होतं, "हिला काही येत नाही वाटतं." त्या म्हणाल्या, "हिचे हात अजून बोलले नाहीत. किंवा बोललेत आणि मला ऐकू आलं नाही."

तर चहा आला. आणि मंगलने गठ्ठ्यातले दोन भाग उचलून समोरासमोर धरले.

"सरोजताई, दोन्ही डावेच हातात आले. उजवे कुठे ठेवलेत?"

"असतील खाली."

तिने खालचा काढला. डावा. त्याच्या खालचा. डावा. मी तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि उलटा केला. उजवा झाला खरा, पण निस्तेज बाजू वर. मी म्हणाले, हल्ली अशीच फॅशन आहे, एक बाजू चमकती, एक साधी. मंगल माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, दया होती. मंगलच्या नजरेत दया! मग मला सगळं कळलं, आणि मी आयुष्यातली सर्वांत हुशार गोष्ट केली. मी त्या गठ्ठ्यावर बसले.

अगदी बसले. मांडी घालून, पदर पसरून. मला काय वाटलं होतं देव जाणे. बहुतेक असं की मी उठलेच नाही तर ते कुणाला दिसणारच नाही. कापडाच्या दुकानात रुक्सानाकडून फोन करवला. तो रंग संपला होता, नवा माल यायला दहा दिवस. संमेलन चार दिवसांवर. मी बसूनच राहिले.

पगारेबाई आल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धूसर. मी टेबलाशेजारी उंच आसनावर. त्या जवळ आल्या, माझ्या पदराखाली हात घातला, एक भाग ओढून काढला, बोटांनी दोन्ही बाजू चोळल्या. मग दुसरा. मग तिसरा.

"किती?"

"ऐंशी," मी म्हणाले.

त्यांनी ते तिन्ही भाग एकावर एक नीट रचून ठेवले. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ऊठ गं," त्या म्हणाल्या. "अंडी उबवतेस का?"

तोवर त्या मला सरोजताई आणि तुम्ही म्हणत. इतर सगळ्यांना अगं-तुगं. त्या क्षणी मला बढती मिळाली, असं मला आज वाटतं. तेव्हा फक्त रडू आलं.

त्यांनी सतरंजी अंथरायला लावली. त्यावर एक डावा भाग मधोमध ठेवला आणि सगळ्यांना भोवती बसवलं. मी रडत म्हणाले, पगारेबाई, तुम्हीच काहीतरी सांगा. त्या म्हणाल्या, "मला आज नीट दिसत नाही. तुम्हाला काय दिसतं ते एकेकीने सांगा. चूक कुणाची, ते सोडून."

रुक्साना म्हणाली, दुसऱ्या रंगाचं कापड आणून उजवा भाग त्याचा करू. मंगल म्हणाली, "अर्धा राणी, अर्धा पिवळा? मुलं लेझीम खेळणार की सर्कस?" माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले की शाळेत जाऊन माफी मागते. पगारेबाई म्हणाल्या, "ते नंतर माग, वेळ भरपूर आहे."

तेवढ्यात दाराशी उकिडवी बसलेली हिरा म्हणाली, "बाई, म्या बोलू का?"

"त्यासाठीच बसवलंय."

ती पुढे सरकली. चिंध्यांतली एक पट्टी घेतली, चमक वर करून सतरंजीवर ठेवली. "हिला उलटी नाय करायची. चमक वरच ऱ्हाऊ द्यायची." पट्टीवर एक बोट टेकवून तिने ती जागच्या जागी अर्धा वळसा फिरवली. "नुसती अशी फिरवायची, जात्यागत. बघा, डावीकडचं टोक उजवीकडं गेलं. चमक हाय तितंच."

आम्ही बघत होतो. मला अजून कळलं नव्हतं.

"आख्खा भाग फिरवला तं खांदा खाली येतो, मंग काय उपेग नाय. पन त्याच्या आडव्या पट्ट्या करायच्या. पाच-सहा. येक-येक पट्टी आपल्या जाग्यावर फिरवायची. मंग डाव्याचा उजवा व्हतो." आणि आपण फार बोललो असं वाटून तिने पट्टी खाली ठेवली. "गोधडीला आमी असंच करतो. तुकडा उलट्या अंगाचा निघाला का फिरवायचा. टाकायचा कशापायी?"

घरी कागदाचा कपटा घेऊन करून बघा. मी त्या दिवसानंतर पन्नास वेळा केलं आहे आणि प्रत्येक वेळी मला ती जादूच वाटते. सर्टिफिकेट देताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगलने लगेच खोड काढली. "कडा जिन्यासारख्या होतील. आणि जोडात कापड जाईल, लांबी कमी पडेल." ती बरोबर होती. आणि तिने खोड काढल्यामुळेच पुढचं सुचलं. पगारेबाई म्हणाल्या, "जोडायचंच नाही. अस्तर साधं सुती आहे, त्याला उलट-सुलट नाही. उजव्याचं अस्तर कापा, त्यावर पट्ट्या मांडा, आणि दोन पट्ट्यांच्या मधे सोनेरी लेस. फट तीच झाकेल. जिना झालेल्या कडा कात्रीने सरळ करा, बोटभर कमी पडेल तिथे पुन्हा लेस." रुक्साना म्हणाली, "मग डाव्या भागालाही तेवढ्याच उंचीवर लेस लावू. कुणाला वाटेल मुद्दाम केलंय." ती तेवढ्यात मेन रोडला लेस आणायला उठलीसुद्धा.

पुढचे तीन दिवस खोलीचं वेळापत्रक बदललं. मनमाडला हिरा बसली. उजवे व्हायच्या चाळीस भागांवर ती खडूने पट्ट्यांच्या खुणा करायची, मी कापायची, ती फिरवून मांडायची. मंगल प्रत्येक पट्टीवर बोट फिरवून चमक वर आहे ना ते बघायची. एकदा तिला एक पट्टी उलटी सापडली, तेव्हा तिने अख्ख्या खोलीला दाखवली, मला जरा जास्त वेळ. लांब लेस रुक्सानाच्या मशीनवर तिच्याच तालात. पगारेबाईंनी तीन दिवस कात्रीला हात लावला नाही. त्या एका मशीनपासून दुसऱ्याकडे फिरायच्या, इथली पट्टी तिथे द्यायच्या, चहा आणायच्या. हो, चहा त्या आणायच्या. हिराला त्यांनी त्या तीन दिवसांत उठूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुकाट्याने त्यांच्या हातातून किटली घेतली आणि हिराला पहिला कप दिला. तिने माझ्याकडे न बघता घेतला आणि म्हणाली, "साखर कमी हाय." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण जरा उशिरा.

संमेलनाच्या सकाळी आम्ही जाकिटं पोचवली. संध्याकाळी मैदानात मागच्या रांगेत बसून पाहिलं. मुलं वाकली, बसली, हात वर गेले. एकाचाही मुंढा ताणला नाही. सोनेरी पट्ट्या दिव्यांत अशा लखलखत होत्या की पालक फोन वर करून फोटो काढत होते. पगारेबाईंना लांबचं काही दिसत नव्हतं. त्या हिराला विचारत होत्या, "आता कसं आहे? आता?" आणि हिरा, जी चार महिन्यांत दहा शब्द बोलली होती, ती थांबेचना.

कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापिका आल्या. कडक बाई, कौतुकसुद्धा रागावल्यासारखं करणाऱ्या. "साध्या जाकिटाचं ठरलं होतं. हे डिझाइन कुणाचं?"

मंगलने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे. हे डिझाइनच होतं असं म्हणणं किती सोपं होतं! पगारेबाई म्हणाल्या, "बाई, कापताना आमच्याकडून चुकलं. सगळे डावेच कापले गेले. या हिराने वाट काढली, मग सगळ्यांनी मिळून ते सरळ केलं."

मी मनात म्हटलं, झालं, गणवेश गेले, खोली गेली, आणि सगळं माझ्यामुळे. मुख्याध्यापिकांनी एका मुलाला जवळ बोलावलं, त्याचं जाकीट उलटसुलट करून पाहिलं, अस्तर ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, "चूक होऊनही वेळेवर आणलंत, हे मी लक्षात ठेवते." एवढंच. हो म्हणाल्या नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत.

आठ दिवस आम्ही त्या वाक्याचा कीस पाडत बसलो. नवव्या दिवशी शाळेचा शिपाई पत्र घेऊन आला. गणवेश, सगळ्या वर्गांचे, पुढल्या जूनपासून. रुक्सानाने पत्र मोठ्याने वाचलं, मंगलने त्यात शुद्धलेखनाची चूक काढली, आणि मग तीच पहिली रडली.

त्या उन्हाळ्यात पगारेबाई मुलीकडे राहायला गेल्या. डोळ्यांनी पुढे त्यांना फारशी साथ दिली नाही. ती खोली आजही चालू आहे, मशिनी आता बारा आहेत. परंतु मला त्या दिसतात त्या पत्र आलेल्या संध्याकाळच्या.

सगळ्या पांगल्या होत्या. मी दाराशी रेंगाळत होते. मनात आठ दिवस घोळत होतं ते बोलून टाकलं, "पगारेबाई, गणवेशाचं कटिंग मी नाही करणार. कात्री दुसऱ्या कुणाला द्या. हिराला द्या. माझ्यावर आता कुणाचा विश्वास राहिला नाही, माझाही नाही."

त्या उंबऱ्यात उभ्या राहून पायाने चपला चाचपत होत्या. एक सापडली, दुसरी सापडेना. मी वाकून ती त्यांच्या पायाशी सरकवली. त्यांनी आधारासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चप्पल घातली, आणि हात काढायच्या आधी म्हणाल्या,

"हिराला कापायला तूच शिकवायचं आहेस, सरोज. आणि सुरुवात तुझ्या चुकीपासून कर, ती तुला सगळ्यात चांगली येते."